वेळ कमी असताना गाडीला पेंट सीलंट कसं लावावं

सीलंट लावून तीन आठवडे होत नाहीत तोच पाणी गोल थेंबांत उभं न राहता पुन्हा पत्र्यावर पसरायला लागतं. बॉनेटवर तिरक्या उजेडात पांढरट पट्टे दिसतात. पुसताना फडका अडकतो, काळ्या प्लॅस्टिकवर डाग पडतात. या तक्रारी वारंवार येतात आणि दोष बहुतेक वेळा बाटलीवर ढकलला जातो. प्रत्यक्षात घाईत भलतीच पायरी गाळलेली असते. धुणं उरकलं जातं, वाळवणं अर्धवट सोडलं जातं आणि वाचलेला वेळ जाड थर लावून तो घासत बसण्यात जातो.

सीलंट हे पॉलिमरचं अतिशय पातळ आवरण असतं. ते रंगावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे सर्वात वरच्या पारदर्शक थराला, धरून बसतं. मध्ये धूळ, जुनं वॅक्स, शाम्पूचा अंश किंवा पाणी आलं तर ते त्यालाच चिकटतं आणि त्याच्याबरोबर निघूनही जातं. त्यामुळे वेळ कमी असेल तर दोनच ठिकाणी काटछाट करा : सीलंटचा प्रकार सोपा निवडा, नाहीतर कमी पॅनलवर (बॉनेट, दरवाजा असे पत्र्याचे भाग) काम करा. स्वच्छता, वाळवणं आणि लावल्यानंतरचा कोरडा काळ यांना हात लावू नका.

## आधी ठरवा : हातात खरंच किती वेळ आहे

वेळ मोजताना फक्त हात चालवण्याचा वेळ धरू नका. गाडी नंतर किती तास कोरडी राहू शकते, हेही त्यात येतं. दुपारी तीन तास मोकळे आहेत पण संध्याकाळी पावसातून जायचं आहे, तर द्रवरूप सीलंटसाठी तुमच्याकडे वेळ नाही, असंच समजा.

सीलंट ढोबळमानाने तीन प्रकारांत मिळतं.

ओल्या गाडीवर मारायचं सीलंट. धुतलेल्या ओल्या पॅनलवर फवारायचं आणि लगेच जोरात पाणी मारून धुऊन टाकायचं. सगळ्यात झटपट काम. टिकाऊपणा तुलनेने कमी, आणि पाण्याचा दाब नसेल तर डाग राहतात.

स्प्रे सीलंट. कोरड्या पॅनलवर फवारून पसरवायचं आणि लगेच पुसायचं. वेळ कमी असणाऱ्या बहुतेकांसाठी मी हेच सुचवेन. चूक झाली तर सुधारता येते आणि प्लॅस्टिकवर उडालं तरी सहसा पांढरं पडत नाही.

द्रवरूप किंवा पेस्ट सीलंट. पॅडने पातळ लावायचं, धुरकट होऊ द्यायचं, मग पुसायचं. साधारणपणे काही महिने टिकतं, पण त्याला निवांत वेळ आणि नंतर बरेच तास कोरडी जागा लागते.

आता वेळेचा हिशेब. मध्यम आकाराची, फार न मळलेली गाडी आणि एकटा माणूस धरून हे आकडे आहेत.

- सव्वा तास : चाकं, व्यवस्थित धुणं, मग ओल्या गाडीवरचं सीलंट आणि वाळवणं. क्ले (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी) नाही.
- तीन तास : चाकं, धुणं, लोखंडी कणांची सफाई, फक्त आडव्या पॅनलवर क्ले, वाळवणं, सगळ्या गाडीला स्प्रे सीलंट.
- अर्धा दिवस आणि रात्रभर छपराखालची जागा : सगळे टप्पे, द्रवरूप सीलंट.

तीन तास आहेत पण सीलंट द्रवरूपच वापरायचं आहे? मग गाडी पूर्ण धुवा, पण सीलंट आज फक्त टप, बॉनेट आणि डिकीवर लावा. ऊन, पक्ष्यांची शिट आणि साचलेलं पाणी यांचा सगळ्यात जास्त मार हेच भाग खातात. दरवाजे पुढच्या धुण्याला घ्या. अख्ख्या गाडीला घाईने लावलेल्या थरापेक्षा तीन पॅनलवर नीट बसलेला थर कितीतरी चांगला.

सावधान : नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर सीलंट लावू नका. ताज्या रंगातून काही आठवडे द्रावकं बाहेर पडत असतात. किती थांबायचं ते रंगकाम करणाऱ्यालाच विचारा, कारण ते रंगावर आणि तो कसा वाळवला यावर ठरतं. मॅट रंग आणि रॅप केलेल्या (वरून रंगीत फिल्म चिकटवलेल्या) गाड्यांसाठी त्यांच्यासाठीच बनवलेलं सीलंट घ्या. सिरॅमिक कोटिंग असलेल्या गाडीवर क्ले फिरवू नका, कोटिंगला इजा होते.

## टप्पा १ : सामान आदल्या दिवशी मांडून ठेवा

घाईचं खरं कारण बरेचदा इथेच असतं. पत्रा ओला आहे, फेस वाळत चाललाय आणि तुम्ही घरात फडका शोधताय. त्या पाच मिनिटांत जे डाग बसतात ते काढायला पुढे अर्धा तास जातो.

लागणारं सामान :

- दोन बादल्या आणि चाकांसाठी तिसरी
- अंगासाठी मऊ मिट (धुण्याचा हातमोजा), चाकांसाठी वेगळा ब्रश आणि कापड
- वॅक्स किंवा चकाकी वाढवणारे घटक नसलेला साधा कार शाम्पू
- लोखंडी कण काढणारं द्रावण, डांबर काढणारं द्रावण
- क्ले बार किंवा क्ले मिट
- मोठा, जाड, पाणी शोषणारा टॉवेल
- मऊ आणि बिनशिवण कडांचे किमान सहा मायक्रोफायबर फडके
- द्रवरूप सीलंट असेल तर दोन फोम पॅड
- हातमोजे आणि एक टॉर्च, मोबाइलचा चालेल

शाम्पूबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. बाटलीवर ‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेलं असेल तर तो आज बाजूला ठेवा. तो धुताना मागे स्वतःचा थर सोडतो आणि सीलंट त्या थरावर बसतं.

फडके कपड्यांच्या धुण्यात सॉफ्टनर घालून धुतलेले नसावेत. सॉफ्टनरचा अंश धाग्यांवर राहतो, फडका नीट शोषत नाही आणि काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओघळ उमटवतो. फडक्याला शिवलेलं लेबल असेल तर ते कापून टाका.

शेवटी सीलंटच्या बाटलीमागची सूचना वाचा. चार गोष्टी शोधा : पुसण्याआधी किती थांबायचं, किती वेळ पाण्यापासून दूर ठेवायचं, प्लॅस्टिक आणि काचेवर चालतं का, आणि थरांमध्ये किती अंतर हवं. या लेखातलं एखादं प्रमाण आणि बाटलीवरची सूचना यांत फरक असेल तर बाटलीचं ऐका.

## टप्पा २ : सावली आणि थंड पत्रा

हवा गार वाटते म्हणून पत्रा गार असतोच असं नाही. गडद रंगाचं बॉनेट सावलीत आणल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, त्यात खालून इंजिनाची उष्णता.

तपासणी : हाताची मागची बाजू बॉनेटवर पाच सेकंद ठेवा. उबदार लागलं तरी थांबा. थंड किंवा हवेइतकंच लागलं तर सुरुवात करा.

गरम पत्र्यावर शाम्पू वाळून डाग पडतात, लोखंडी कण काढणारं द्रावण सुकतं आणि सीलंट पसरण्याआधीच घट्ट होतं. पाणी मारून पत्रा थंड करणं हा तात्पुरता उपाय आहे. इंजिन गरम असेल तर दहा मिनिटांत बॉनेट परत तापतं. गाडी चालवून आणली असेल तर पत्रा थंड होईपर्यंत थांबा. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवरही थंड पाणी मारू नये.

दिवसाची वेळही महत्त्वाची. सकाळी लवकर सुरू करून दुपारपर्यंत सीलंट लावून व्हावं, म्हणजे दव पडायच्या आत काही कोरडे तास मिळतात. संध्याकाळी उशिरा लावून गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे अर्धवट बसलेल्या थरावर रात्रभर पाणी ठेवणं.

## टप्पा ३ : चाकं आधी

चाकं शेवटी धुतली की ब्रेकची काळी पूड आणि मातकट पाणी स्वच्छ दरवाज्यांवर उडतं, मग दरवाजे पुन्हा धुवावे लागतात. म्हणून चाकं आणि मडगार्डची आतली बाजू सर्वात आधी. त्यांची बादली, ब्रश आणि कापड वेगळं. ते अंगाला कधीही लावायचं नाही, पिळून धुतलेलं असलं तरी.

## टप्पा ४ : धुणं

आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. सुटी धूळ आणि चिखल हात न लावता जितका निघेल तितका काढायचा. फोम किंवा फवाऱ्याने मारायचा शाम्पू असेल तर तो मारून चार-पाच मिनिटं थांबा आणि सुकायच्या आत धुऊन टाका.

मग दोन बादल्या : एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट शाम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, साध्या पाण्यात मिट खळबळून घ्या, मग पुन्हा शाम्पू. क्रम असा : टप, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग, बंपर, आणि सगळ्यात शेवटी दरवाज्यांचा खालचा भाग. गोल गोल घासू नका, सरळ रेघांत आणि मिटच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता फिरवा. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, माणसाच्या केसापेक्षाही कमी. त्यावर वाळूचा एक कण घासला तरी ओरखडा उठतो, आणि सीलंट तो भरून काढत नाही. उलट चकाकी वाढली की तो अधिक दिसतो.

सावधान : मिट किंवा फडका जमिनीवर पडला तर तो आजच्या कामातून बाद. झटकून किंवा खळबळून परत वापरू नका.

भांडी घासायच्या साबणाने जुना थर निघतो म्हणून तो वापरावा, असा सल्ला बराच फिरतो. तो घेऊ नका. बसलेलं सीलंट त्याने खात्रीने निघत नाही आणि रबराच्या कडा मात्र कोरड्या पडतात. जुना थर काढायचं काम पुढच्या टप्प्यांतली सफाई, क्ले आणि शेवटचं पुसणं जास्त चांगलं करतात.

## टप्पा ५ : न दिसणारी घाण

पांढऱ्या गाडीवर तांबूस बारीक ठिपके दिसतात ते ब्रेक आणि रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण. गडद गाडीवर ते दिसत नाहीत, पण असतात. शाम्पूने ते हलत नाहीत.

गाडी धुतल्यावर पाणी निथळू द्या आणि लोखंडी कण काढणारं द्रावण पॅनलवर फवारा. जिथे कण आहेत तिथे मिनिटभरात जांभळे ओघळ सुरू होतात. आधी एखादा ठिपका, मग त्याच्याखाली बारीक धार, आणि दरवाज्यांच्या खालच्या भागात अशा धारांची रांग. रंग बदलणं म्हणजे द्रावण लोखंडावर काम करतंय. तीन ते पाच मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. वास उग्र असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि बंद खोलीत हे काम करू नका.

सावधान : द्रावण पॅनलवर सुकू देऊ नका. ऊन किंवा वारा असेल तर एका वेळी दोनच पॅनल घ्या.

डांबराचे ठिपके असतील तर तेवढाच भाग कापडाने टिपून कोरडा करा, डांबर काढणारं द्रावण कापडाला लावून ठिपक्यावर मिनिटभर धरा आणि उचलून घ्या. घासू नका. नंतर तो भाग शाम्पूच्या पाण्याने पुन्हा धुवा, कारण या द्रावणांचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर सीलंट धरत नाही.

## टप्पा ६ : क्ले, पण गरजेपुरतं

क्ले सगळ्या गाडीला करायलाच हवं हा समज वेळ खातो. आधी बघा.

तपासणी : हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या, स्वच्छ पॅनलवरून बोटं हलकेच फिरवा. पिशवीतून बारीकसारीक खरखर उघड्या बोटांपेक्षा जास्त जाणवते. गुळगुळीत लागलं तर त्या पॅनलला क्लेची गरज नाही.

खरखर असेल तिथेच क्ले करा. बहुतेक वेळा टप, बॉनेट, डिकी आणि मागच्या बंपरवर ती आढळते. गाडी ओलीच असते, त्यामुळे शाम्पूचं पाणी हेच वंगण म्हणून चालतं आणि मध्ये एकदा वाळवण्याचा वेळ वाचतो. पॅनल भरपूर ओलं ठेवा, क्ले बोटांच्या टोकांखाली धरून हलक्या हाताने सरळ पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला ते थोडं अडकल्यासारखं होतं, मग सरकायला लागतं. सरकायला लागलं की थांबा. क्ले मळलं की दुमडून आतली स्वच्छ बाजू घ्या. हातातून खाली पडलं तर फेकून द्या, कारण त्यात रुतलेली वाळू धुऊन निघत नाही.

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर एक विचार करावा लागतो. क्लेमुळे बारीक धूसर रेघा उमटू शकतात आणि त्या घालवायला पॉलिश लागतं. पॉलिशला वेळ नसेल तर अशा गाडीवर क्ले फक्त खूप खरखरीत ठिकाणी करा. थोडी खरखर राहिली तर सीलंट थोडं कमी टिकेल, पण उन्हात दिसणाऱ्या रेघा रोज डोळ्यांना खुपतील.

## टप्पा ७ : वाळवणं

सर्वात जास्त गाळला जाणारा टप्पा हाच. वरवर कोरडी दिसणारी गाडी कोरडी नसते.

मोठा टॉवेल पॅनलवर पसरवून हलकेच ओढा किंवा टिपा, घासू नका. मग आरशांच्या फटी, दारांची हँडल, नंबर प्लेटमागची जागा, दिव्यांच्या कडा, डिकीची कड, पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि नावाची अक्षरं यांकडे वळा. हवा फेकणारं यंत्र असेल तर इथेच त्याचा खरा उपयोग. नसेल तर दारं आणि डिकी उघडून कडा पुसा, मोकळी जागा असेल तर गाडी थोडी पुढे-मागे करून हलका ब्रेक लावा आणि जे ओघळ बाहेर येतील ते टिपा.

हे इतकं सांगण्याचं कारण : आरशाच्या फटीतून निघालेला एकच थेंब नुकतंच सीलंट लावलेल्या दरवाज्यावरून खाली उतरतो आणि त्याची उभी रेघ तिथेच वाळते. ती रेघ काढायला तो दरवाजा पुन्हा करावा लागतो.

तपासणी : वाळवून झाल्यावर पाच मिनिटं थांबा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. नवीन ओघळ दिसला नाही तरच पुढे जा.

ओल्या गाडीवरचं सीलंट वापरणार असाल तर हा टप्पा आत्ता करू नका, थेट टप्पा ९ मधल्या त्या भागाकडे जा.

## टप्पा ८ : शेवटचं पुसणं

पॉलिश केलं असेल, डांबराचं द्रावण वापरलं असेल किंवा आधीचं वॅक्स शिल्लक असल्याची शंका असेल, तर पॅनल पुसायचं द्रावण वापरा. पाण्यात १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालूनही चालतं. ते फडक्यावर घ्या, पॅनल पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. आगीपासून लांब ठेवा. यातलं काहीच केलेलं नसेल, शाम्पू साधा असेल आणि स्प्रे सीलंट लावणार असाल, तर घाईत गाळता येईल असा हा टप्पा आहे.

## टप्पा ९ : सीलंट लावणं

इथे प्रकारांची गल्लत सर्वात महागात पडते. स्प्रे सीलंट लगेच पुसायचं असतं आणि द्रवरूप सीलंट थांबून. अनेकजण नेमकं उलट करतात : स्प्रे अख्ख्या गाडीवर मारून मग पुसायला जातात, आणि द्रवरूप सीलंट एकेक पॅनल लावून ताबडतोब पुसून टाकतात. पहिल्यात पट्टे बसतात, दुसऱ्यात थर धरायच्या आतच फडक्याबरोबर निघून जातो.

स्प्रे सीलंट

1. फडका चारपदरी घडी करा. त्याच्या आठ बाजू वापरायला मिळतात.
2. एक फवारा फडक्यावर, एक-दोन पॅनलवर. वारा असेल तर सगळं फडक्यावरच मारा, नाहीतर काचेवर उडतं.
3. आधी आडवे, मग उभे हात फिरवून पसरवा. कडा आणि हँडलच्या खालचा भाग विसरू नका.
4. दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसा, मग फडक्याची बाजू पालटून एकदा हलकेच फिरवा.
5. टॉर्च तिरका धरून बघा आणि मगच पुढच्या पॅनलकडे जा.

बॉनेट मोठं असेल तर त्याचे दोन भाग करा. पसरवायचा फडका ओला झाला की बदला, नाहीतर प्रत्येक पॅनलला आधीच्यापेक्षा जाड थर लागत जातो.

द्रवरूप सीलंट

1. पॅडवर नखाएवढे तीन-चार थेंब घ्या. पहिल्या वेळी पॅड कोरडं असल्याने थोडं जास्त लागतं, नंतर दोन थेंब पुरतात. मध्यम गाडीला सगळं मिळून १५ ते ३० मिलिलिटर पुरेसं आहे.
2. सरळ आडव्या-उभ्या रेघांत पसरवा. थर जेमतेम दिसावा. पांढरा, मलईसारखा दिसत असेल तर तो जाड झाला. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जास्त वेळ घेतो.
3. टप, बॉनेट, डिकी, मग दरवाज्यांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा, असं सगळ्या गाडीला लावून घ्या.
4. काळ्या, न रंगवलेल्या प्लॅस्टिकपासून बोटभर अंतर ठेवा. त्यावर सीलंट वाळलं तर खरखरीत पृष्ठभागात पांढरं अडकून बसतं. हात सराईत नसेल तर कडांना मास्किंग टेप लावा. त्या दहा मिनिटांत नंतरचा बराच त्रास वाचतो.

तपासणी : पुसायची वेळ झाली का, हे घड्याळापेक्षा बोट चांगलं सांगतं. एका कोपऱ्यात बोट एकदाच सरळ ओढा. मागे स्वच्छ, चकचकीत रेघ आली तर पुसायला घ्या. रेघ फासल्यासारखी, तेलकट दिसली तर अजून थांबा. कोरड्या हवेत हे १५-२० मिनिटांत होतं, दमट हवेत तासभरही लागतो.

थांबण्याचा हा वेळ फुकट घालवू नका. काचा आतून पुसा, दारांच्या कडा स्वच्छ करा, टायरला ड्रेसिंग लावा.

ओल्या गाडीवरचं सीलंट

शाम्पू पूर्ण धुतला गेलाय याची खात्री करा. एक पॅनल घ्या, मोजके फवारे मारा, आणि काही सेकंदांत पाण्याच्या जोरदार धारेने वरून खाली धुवा. पाणी पत्र्यावरून तुटून पळायला लागलं की ते पॅनल झालं. मग पुढचं. अख्ख्या गाडीवर आधी मारून ठेवायचं नाही, उन्हात तर मुळीच नाही. सुकलेले थेंब काढायला पॉलिशची वेळ येऊ शकते. शेवटी टप्पा ७ प्रमाणे गाडी वाळवा. पाणी पळतंय म्हणून वाळवायची गरज नाही असं वाटतं, पण मागे राहिलेले थेंब वाळून क्षारांचे डाग सोडतात.

पुढची काच तिन्ही प्रकारांत वगळा, बाटलीवर काचेला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय. वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकतो. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

## टप्पा १० : द्रवरूप सीलंट पुसणं

ज्या क्रमाने लावलं त्याच क्रमाने पुसा. पहिल्या फडक्याने थर उचला, दुसऱ्याने उरलेला अंश. दाब नको. फडका अडकत असेल तर तो भरला आहे, बाजू पालटा. सगळ्या बाजू संपल्या की नवा घ्या. सहा फडके यासाठीच सांगितले होते.

पट्टे राहिले आणि कोरड्या फडक्याने निघत नसतील तर फडक्याचा कोपरा किंचित ओला करून हलकेच पुसा आणि लगेच कोरड्याने टिपा. स्प्रे सीलंटचा गडद, तेलकट डाग बसला असेल तर त्यावरच थोडं नवीन सीलंट फवारा आणि ताबडतोब पुसून घ्या. ताजं सीलंट आधीच्या थराला मऊ करतं आणि दोन्ही एकत्र निघतात. हे त्याच दिवशी करा. दोन दिवसांनी तो डाग हाताने निघेलच याची खात्री नसते.

प्लॅस्टिकवर लागलेलं पांढरं, ताजं असतानाच ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने काढा.

## टप्पा ११ : कोरडा काळ

पुसून झालं की गाडी तयार दिसते, आणि घाईतला सगळ्यात मोठा नाश इथे होतो. अनेक द्रवरूप सीलंटना १२ ते २४ तास पाण्यापासून दूर राहावं लागतं. काही स्प्रे सीलंटना तासभर पुरतो. कोरड्या रस्त्यावर गाडी चालवायला सहसा हरकत नसते. कव्हर मात्र घालू नका, ते ओलावा कोंडतं आणि नव्या थरावर घासतं.

मध्येच पाऊस आला तर घाबरून पुसायला धावू नका. छपराखाली गेल्यावर थेंब टॉवेलने टिपा, ओढू नका. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुऊन बघा. थेंब गोल आणि घट्ट उभे राहत असतील तर थर वाचला. पसरत असतील तर तेवढ्याच पॅनलना पुन्हा लावा.

दुसरा थर हवा का? वेळ कमी असेल तर नको. त्याचा खरा उपयोग पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरण्यासाठी असतो. तो लावायचाच असेल तर बाटलीवर दिलेलं अंतर पाळा, बरेचदा ते एक दिवसाचं असतं.

## नंतरचे आठवडे

पहिला आठवडा शाम्पू टाळा, धूळ साध्या पाण्याने काढा. पक्ष्याची शिट दिसली तर सीलंट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ओला फडका तिच्यावर काही मिनिटं ठेवून ती मऊ होऊ द्या आणि उचलून घ्या. खरवडली तर तिच्यातली बारीक खडी रंगावर फिरते.

पाणी पसरायला लागलं की सीलंट संपलं, असं लगेच ठरवू नका. धुळीचा आणि क्षारांचा थर वर बसला तरी पाणी तसंच वागतं. आधी साध्या शाम्पूने नीट धुवा आणि मग पाणी ओतून बघा. थेंब परत आले तर थर शाबूत आहे. तरीही पाणी सपाट पसरलं, आणि विशेषतः टप व बॉनेटवर तसं दिसलं, तर पुन्हा लावायची वेळ झाली. या वेळी पिशवीची तपासणी करा. पत्रा गुळगुळीत असेल तर टप्पा ६ पूर्ण गाळता येतो, जांभळे ओघळही क्वचितच दिसतात, आणि आडव्या तीन पॅनलवरचं स्प्रे सीलंट धुण्या-वाळवण्यासकट तास-दीड तासात उरकतं.